रोमच्या घड्याळावर चाललेलं टपाल

ग्रोव्हर क्लारोस इंजिनिअर नव्हता. पण आमच्या कोचाबांबा शहरात कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी ज्याला कळतात त्याला लोक इंजिनिअर म्हणतात, आणि एकदा म्हणायला लागले की ऐकत नाहीत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो हात जोडून सांगायचा, "अहो, माझा शेवटचा प्रबंध राहिलाय." पुढे प्रबंध राहिला तो राहिलाच, आणि सांगायचंही राहून गेलं. आता विद्यापीठाच्या ज्या फॅकल्टीत तो नोकरीला होता तिथे शिपायापासून डीनपर्यंत सगळे त्याला इंजिनिअर म्हणत आणि तो मुकाट्याने ओ देत असे. घरी सासूबाई मात्र नावाने हाक मारत, आणि काही बिनसलं असेल तर 'जावईबापू' म्हणत.

त्याचं वय त्रेचाळीस, पोट पन्नाशीचं आणि काम फॅकल्टीची ई-मेल चालू ठेवण्याचं. हे काम मोठं अवघड. ते नीट चाललं तर तुम्ही आहात हे कोणाला कळत नाही, आणि बंद पडलं तर तुम्ही कशाला आहात असं सगळे विचारतात.

त्याला दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली त्याने ठळक अक्षरांत छापून, प्लास्टिकच्या आवरणात घालून खोलीच्या दारावर चिकटवली होती: 'यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो.' कोणी तक्रार घेऊन आलं की तो खुर्चीतून न उठता बोटाने दार दाखवायचा. दुसरी गोष्ट दारावर लावण्यासारखी नव्हती. ती तो रोज सकाळी दहा वाजता, फाटकाबाहेरच्या सालतेन्यांच्या, म्हणजे रसाळ मटण भरलेल्या करंज्यांच्या, गाडीपाशी, तोंडात घास असताना जाहीर करायचा. बायको इटलीला गेल्यापासून आपण राजासारखे जगतोय, ही ती गोष्ट.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी लग्न झालेले पुरुष बिनलग्नाचे असल्यासारखे बाहेर पडतात, फासे खेळतात, बिअर पितात, आणि शनिवारभर घरात बोलणी खातात. ग्रोव्हर सांगायचा, "तुमचा शुक्रवार आठवड्यातून एकदा. माझा रोजच शुक्रवार! ना कोणी विचारणारं, ना कोणी दार उघडून उभं राहणारं. सुटलो बुवा."

खरं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तो सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायचा. फाशांच्या अड्ड्यावर तो दोनदा गेला होता. दोन्ही वेळा सुल्मा शेंगदाण्याचं सूप कसं करते, शेंगदाणे कच्चेच कसे वाटते, वरून तळलेला बटाटा कधी घालते, हे त्याने इतक्या बारकाईने सांगितलं की तिसऱ्या वेळी कोणी बोलावलंच नाही.

सुल्मा म्हणजे त्याची बायको. ती नन्सच्या शाळेत ग्रंथपाल होती. एके वर्षी नन्सनी ठरवलं की मुलींना पुस्तकांपेक्षा कॉम्प्युटर हवेत, आणि ग्रंथालयाच्या खोलीत कॉम्प्युटर बसवले. त्या खोलीतल्या वायरी ओढायचं काम ग्रोव्हरनेच केलं होतं. काम सुबक झालं म्हणून नन्सनी त्याला केकही दिला होता. तो केक घरी आणून त्याने बायकोसमोर ठेवला, आणि ती तुकडा न उचलता त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कोणाची खोली खाल्ली.

मग तिच्या बहिणीने तिला बेर्गामोला बोलावून घेतलं. बेर्गामो इटलीत आहे. आमच्या प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी तिथे कोणा म्हाताऱ्याचा नाहीतर म्हातारीचा सांभाळ करतंय. सुल्माच्या वाट्याला एक्क्याण्णव वर्षांच्या सिन्योरा इनेस आल्या. जाताना ती म्हणाली होती, "एक वर्ष. फार तर दीड." त्याला आता दोन वर्षं झाली होती. घरात मागे राहिले ग्रोव्हर आणि सुल्माची आई, दोन्या एन्रिकेता. दोघांनाही सुल्मा हवी होती आणि मिळाले एकमेकं.

सिन्योरा इनेस दुपारी अडीचला झोपत. त्यांच्या नातवाचा एक जुना कॉम्प्युटर घरात होता. त्या झोपल्या की सुल्मा त्यावर बसे आणि नवरा-बायको अर्धा तास टाइप करून गप्पा मारत. तिकडचे अडीच म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. पण हा हिशोब तिकडच्या उन्हाळ्यात सहा तासांचा आणि हिवाळ्यात पाच तासांचा, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात. ग्रोव्हरने या हिशोबात तीनदा घोळ घातला. तिन्ही वेळा तो पोचला तोवर ती वाट बघून उठून गेली होती आणि पडद्यावर नुसतं 'आजी उठल्या, जाते' एवढंच शिल्लक होतं. तिसऱ्या वेळी त्याने शपथच घेतली.

ज्या काळ्या खिडकीत तो दिवसभर यंत्राला हुकूम टाइप करायचा, त्या खिडकीचं घड्याळ त्याने बेर्गामोवर लावलं. यादीत बेर्गामो नव्हतं, रोम होतं. त्याने रोम घेतलं. आता खिडकीत साडेबारा दिसले की सुल्मा आजीबाईंना सूप भरवत असेल, आठ दिसले की औषधाची गोळी देत असेल, हे त्याला आपोआप कळायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सुल्मालाही नाही. तिला तो रोज एकच लिहायचा: 'आम्ही मजेत. तू आमची काळजी करू नकोस.' तीही लिहायची: 'मीही मजेत.' दोन मजेतली माणसं अशी अर्धा तास बोलत, आणि मग तो सालतेन्या खायला जायचा.

ऑगस्टच्या शेवटी फॅकल्टीचं जुनं मेलचं यंत्र कायमचं बसलं. नवं यंत्र आलं. त्यात मेलचं सॉफ्टवेअर आयतं, बांधलेलं, दहा मिनिटांत घालता आलं असतं. पण आयतं घेणाऱ्यांतला ग्रोव्हर नव्हता. ज्याचा प्रबंध राहिलेला असतो त्याला कुठेतरी आपण कमी नाही हे दाखवावं लागतं. त्याने सॉफ्टवेअरचा मूळ कोड उतरवून घेतला आणि स्वतःच्या हाताने बांधायला घेतला.

त्या कोडबरोबर एक लांबलचक नमुना-फाईल येते. तिची प्रत काढायची आणि घर बांधण्याआधी गवंड्याला सांगावं तसं एकेक सांगत जायचं: पत्रं कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, कोणाच्या नावाने वाटायची, कुठली लिपी गृहीत धरायची. प्रत्येक पर्यायाच्या आधी # अशी खूण असते. ती पुसली की पर्याय लागू, ठेवली की नाही. सगळ्या निवडी झाल्या की बांधणीचा हुकूम द्यायचा. मग पडद्यावर बराच वेळ ओळी धावतात, आणि यंत्र त्या निवडी पोटात घेऊन उठतं.

ग्रोव्हरने तीन दिवस हे काम केलं आणि तीन दिवस तो सुखात होता. मध्येच वेळेचा पर्याय आला. त्याच्या वर दोन ओळींची सूचना होती, की ही ओळ लागू केली नाहीत तर बांधणी जिथून कराल तिथलं घड्याळ कायम धरलं जाईल. सूचना त्याने वाचली नाही. सूचना साध्या माणसांसाठी असतात. 'यंत्र कोचाबांबात, मी कोचाबांबात,' तो मनाशी म्हणाला, 'वेळ काय चंद्रावरची घेणार आहे?' खूण तशीच ठेवून तो पुढे गेला, आणि शेवटी बांधणीचा हुकूम त्याने त्याच काळ्या खिडकीत दिला, जिच्यात संध्याकाळचे पाच वाजले होते आणि सुल्मा आजीबाईंना फिरायला नेत होती.

त्या दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार होता. फॅकल्टीच्या सचिव मिर्ताबाई निखाऱ्यांचं मडकं घेऊन आल्या. पहिल्या शुक्रवारी त्या सगळ्या खोल्यांतून कोआ या सुगंधी वनस्पतीचा धूर फिरवत, आणि नव्या वस्तूला तर फिरवतच. त्यांनी यंत्राला रंगीत कागदाची फीत बांधली, कोपऱ्यांत चार थेंब चिचा, म्हणजे मक्याची दारू, शिंपडली आणि म्हणाल्या, "इंजिनिअर, आता याला कोणाची दृष्ट लागायची नाही."

"याला दृष्ट लागत नसते, मिर्ताबाई," ग्रोव्हर दाराकडे बोट दाखवून म्हणाला. "यंत्र आहे ते."

तीन आठवडे सगळं झकास चाललं. पत्रं येत होती, जात होती. लोकांना आपल्या पेटीत पाठवणाऱ्याची वेळ दिसायची, यंत्राने मारलेला शिक्का आत खोल कुठेतरी असतो, तो कोण बघतो? बघणारा एकटा ग्रोव्हर. तो रोज यंत्राच्या नोंदी त्या काळ्या खिडकीत वाचायचा, आणि नोंदीतली वेळ खिडकीतल्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळायची. त्याला स्वतःचं कौतुक वाटायचं.

सप्टेंबरमध्ये फॅकल्टीच्या ग्रंथालयात सहायकाची एक जागा निघाली. अर्ज ई-मेलने, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. मागच्या वर्षी अर्ज वेळेत आला की नाही यावरून भांडण होऊन प्रकरण रेक्टरपर्यंत गेलं होतं, म्हणून या खेपेला नियमांत एक कलम घातलं: 'अर्ज मिळाल्याची वेळ म्हणजे फॅकल्टीच्या यंत्राने नोंदलेली वेळ. त्यावर वाद चालणार नाही.' हे कलम ग्रोव्हरने सुचवलं होतं. ते मंजूर झालं त्या दिवशी त्याने दोन सालतेन्या जास्त खाल्ल्या.

मंगळवारी सकाळी दहाला तो हातात सालतेन्या घेऊन फळ्यासमोरून चालला होता. फळ्यावर यादी लागली होती. वरच्या भागात मंजूर अर्ज, खाली 'उशिरा आल्यामुळे नामंजूर' असे चार. चौथी ओळ अशी होती: सुल्मा आर्नेस दे क्लारोस, १७:०५.

सालतेन्या सरळ धरून, कोपऱ्यात छोटं भोक पाडून आधी रस प्यायचा असतो. ती आडवी झाली की सगळा रस बाहीवरून कोपरापर्यंत जातो. लहान मुलालाही हे कळतं. ग्रोव्हरच्या हातातली आडवी झाली, आणि तो तसाच उभा राहिला.

ती परत येणार होती. तिने अर्ज केला होता, त्याला न सांगता. पगार बेर्गामोच्या मानाने काहीच नाही, आणि तरी केला होता. ग्रोव्हरला एवढा आनंद झाला की त्याने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. पाठोपाठ राग आला. बाराची मुदत आणि बाईसाहेब अर्ज पाठवतात पाच वाजून पाच मिनिटांनी! स्वतःच्या लग्नालाही ती चाळीस मिनिटं उशिरा आली होती, पाद्री घड्याळ बघत होता. जागा पुन्हा कधी निघेल? सहा वर्षांनी ही निघाली होती. आता अजून सहा वर्षं बटाटे.

तो खोलीत आला, बाही धुतली, आणि धुता धुता थांबला. शुक्रवारी एक वाजता वीजमंडळाने दुरुस्तीसाठी वीज बंद केली होती, ती संध्याकाळी सातला आली. यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. बंद यंत्राने पाच वाजून पाच मिनिटांनी अर्ज घेतला कसा?

त्याने नोंदी उघडल्या. १७:०५, नंतर आणखी काही ओळी, १८:५८ला यंत्र बंद. त्याने खिडकीतल्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं: सहा तास मागे. मग नमुना-फाईल उघडून ती दोन ओळींची सूचना, तीन आठवडे उशिरा, पूर्ण वाचली. नोंदी आणि खिडकी रोज एकमेकींना दुजोरा देत होत्या, कारण दोघींना एकाच गाढवाने पढवलं होतं, आणि तो खुर्चीत बसून त्यांची साक्ष काढत होता. सुल्माचा अर्ज अकरा वाजून पाच मिनिटांनी आला होता. मुदतीच्या जवळजवळ तासभर आधी.

हरकतींची बैठक त्याच दिवशी चारला होती. टेबलाच्या टोकाला डीन डॉक्टर तेरासास, बाजूला न बोलणारे दोन प्राध्यापक, आणि समोर नोंदवही अन् शिक्क्याची पेटी घेऊन मिर्ताबाई. वाटेत ग्रोव्हरने ठरवलं होतं, की खरं सांगण्याची काही गरज नाही.

"त्या चार अर्जांच्या वेळा चुकीच्या पडल्यात," तो म्हणाला. "व्हायरस."

"व्हायरस!" डीननी मान हलवली. त्यांना हा शब्द पटत असे. त्यांचा प्रिंटरही व्हायरसनेच बिघडला होता, असं ग्रोव्हरनेच सांगितलं होतं.

मिर्ताबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घड्याळ बिघडलं होतं. मग इंजिनिअर, वेळेत आलेल्या एकोणीस अर्जांवर तरी विश्वास का ठेवायचा? सगळी भरतीच रद्द करावी लागेल. जागा परत जाईल. पुढच्या वर्षी मंजुरी आली तर आली." त्यांनी पेटीतून 'रद्द'चा शिक्का काढलासुद्धा. त्या शिक्का काढायला कधीच उशीर करत नसत.

"थांबा, थांबा! व्हायरस नाही."

"मग काय आहे?"

"मी आहे," ग्रोव्हर म्हणाला.

त्याने अर्जाचा छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि वेळेच्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत +०२०० असं होतं. "ही शेपटी बघा. ही सांगते की वेळ कुठली आहे. आपल्याकडची असती तर उणे चारशे, म्हणजे चार तास मागे, असतं; ही दोन तास पुढची आहे. वेळ चुकलेली नाही, डॉक्टर. मिनिटाचीही चूक नाही. फक्त ती दुसरीकडची आहे. यातून सहा तास वजा करा, की आपली आली. सगळ्या अर्जांतून करा, एकही मागेपुढे होणार नाही. एकोणीस आहेत ते वेळेतच राहतात, आणि हे चारही वेळेत येतात."

"दुसरीकडची म्हणजे कुठली?"

"रोमची."

डीननी चष्मा काढला. "आपल्या फॅकल्टीचं टपाल तीन आठवडे पोपसाहेबांच्या घड्याळावर चाललंय?"

न बोलणाऱ्या प्राध्यापकांपैकी एकाने छातीवर क्रूस काढला.

"ते कळलं," मिर्ताबाई म्हणाल्या. "पण रोमच का? जवळ ब्युनोस आयरिस होतं, लिमा होतं. कारण?"

"तांत्रिक कारण."

"तांत्रिक म्हणजे कोणतं?"

"म्हणजे... बांधणीच्या वेळी एक पर्याय राहिला."

"इंजिनिअर, असं लिहून मी शिक्का मारला, तर उद्या त्या एकोणीसांपैकी कोणीही उठेल आणि म्हणेल, नवऱ्याने बायकोसाठी घड्याळ फिरवलं. यादीत तुमच्या मिसेस आहेत, हे मला दिसत नाही असं समजू नका. मला कारण द्या, नाहीतर मी रद्द करते."

ग्रोव्हरने खिडकीबाहेर पाहिलं. खाली सालतेन्यांची रिकामी गाडी उभी होती. दोन वर्षं त्या गाडीपाशी उभं राहून तो जे बोलला होता ते सगळं त्याला एकदम ऐकू आलं, आणि दुसरं कोणी बोललं असतं तर त्याला हसू आलं असतं असं वाटलं.

"घड्याळ बायकोसाठीच फिरवलं," तो म्हणाला. "पण अर्जासाठी नाही. अर्जाचं मला आज सकाळी फळ्यावर कळलं. घड्याळ दीड वर्षापूर्वीच फिरवलं होतं. ते माझ्या खिडकीचं होतं, फॅकल्टीचं नव्हे. मी त्या खिडकीतून बांधणी केली आणि विसरलो. ती कधी जेवते, कधी झोपते, ते मला बघायचं असतं. मला तिची आठवण येते, मिर्ताबाई. कोचाबांबात किती वाजले याच्याशी दोन वर्षं माझं काही देणंघेणं नाही. मी इथे नुसता हजेरीला असतो."

 डीननी चष्मा पुन्हा चढवून विचारलं, "आणि तो तुमचा रोजचा शुक्रवार?"

"शुक्रवारी मी सासूबाईंबरोबर बटाटे सोलतो, डॉक्टर."

मिर्ताबाई लिहायला लागल्या होत्या. त्यांचं अक्षर सावकाश आणि वळणदार. लिहून झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे उभं राहून वाचून दाखवलं: "सदर यंत्राचे घड्याळ रोम शहरी लागलेले आढळले. कारण, इंजिनिअर ग्रोव्हर क्लारोस यांना त्यांच्या पत्नीची आठवण येते, सबब ते पत्नीच्या वेळेप्रमाणे राहतात. वेळेत सहा तासांची वजावट करून चारही अर्ज मंजूर."

"'आठवण येते' हे काढता नाही का येणार?" ग्रोव्हरने विचारलं. त्याचे कान तापले होते.

"कारणाशिवाय शिक्का बसत नाही," मिर्ताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शिक्का मारला. एक फॅकल्टीचा, एक डीनचा, एक स्वतःचा.

दाराशी आल्यावर ग्रोव्हर पडेल आवाजात म्हणाला, "तो दारावरचा कागद मी आजच काढतो."

"कशाला?" मिर्ताबाईंनी पेटी बंद केली. "बरोबर आहे की तो. यंत्र कुठे चुकलं?"

त्या संध्याकाळी त्याने यंत्र पुन्हा पहिल्यापासून बांधलं. वेळेच्या ओळीवरची # खूण पुसली, पुढे यादीतलं आपल्या वेळेचं शहर, ला पास, लिहिलं, सूचना दोनदा वाचली, आणि मग हुकूम दिला. स्वतःच्या खिडकीचं घड्याळ मात्र त्याने हलवलं नाही.

इतिवृत्ताची प्रत ई-मेलने सगळ्या तेवीस अर्जदारांना गेली, कारण तसा नियम होता. म्हणजे बुधवारी सकाळी दहापर्यंत ती सगळ्या कोचाबांबाला गेली. सालतेन्यांच्या गाडीवाल्याने त्याला पहिली सालतेन्या देताना विचारलं, "मग इंजिनिअर, आत्ता रोममध्ये किती?" हा प्रश्न त्याला पुढे कित्येक महिने ऐकावा लागणार होता.

पण त्याच्या आधी, बुधवारी साडेआठला, सुल्मा पडद्यावर आली होती. 

'कागद वाचला,' तिने लिहिलं. 'शिक्के तीन आहेत.'

'हो.'

'अर्ज माझ्याकडे नऊ दिवस भरून पडला होता. पाठवायचा धीर होत नव्हता. तू रोज लिहायचास, आम्ही मजेत, काळजी करू नकोस. मला वाटलं, याला आता माझी सवय राहिली नाही. मी जाऊन कशाला याची मजा घालवू? शुक्रवारी आजींना केस बसवायला नेलं होतं. तिथे त्या आरशात बघून मला म्हणाल्या, सुल्मा, तू रोज अडीच वाजता केस का विंचरतेस? त्या कॉम्प्युटरला काय दिसतंय? मग मी त्यांना तिथेच बसवून घरी धावत आले आणि पाठवला.'

ग्रोव्हरने काही लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. शेवटी लिहिलं: 'मी मजेत नाही.'

'माहीत आहे,' ती म्हणाली. 'ते फॅकल्टीने कळवलंय. जागा मिळाली तर जानेवारीत रुजू व्हायला येते. नाही मिळाली तर थांबायचं कशाला, डिसेंबरातच येते, नाताळ तरी सापडेल. आजी उठल्या, जाते.'

दुपारी जेवायला तो घरी गेला. दोन्या एन्रिकेता चुलीपाशी होत्या. त्याने सगळं सांगितलं: रोम, शिक्के, नऊ दिवस, डिसेंबर. त्यांनी पाठ न वळवता ऐकून घेतलं, मग ओट्यावरचं पातेलं जरा आपटूनच खाली ठेवलं.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दर रविवारी फोनवर मी तिला सांगतेय, अगं हा माणूस तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, झोपताना तुझी उशी जवळ घेतो. तर म्हणायची, आई, तुझं काहीतरीच, तो तर मजेत आहे म्हणतो. आईचं खोटं आणि याचं खरं!" त्यांनी डोळ्यांना सरळ मनगट लावलं. "सरकारी शिक्का बसला तेव्हा बाईसाहेबांना पटलं. बसा आता जावईबापू, बटाटे घ्या. डिसेंबरला अजून वेळ आहे."